रेडिओ पाण्यात पडला

बंदरालगतच्या बाजारात त्याला सगळे रेडिओ म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण उन्हाने पाटीचा रंग इतका उडाला होता की ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, समोर एकच लांब आरसा, आरशाखालच्या फळीवर कात्र्या, कंगवे, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणि पावडरीचा डबा. दुकानात कापणारा तो एकटाच, तरी खुर्च्या दोन. दुसरी ऐकणाऱ्यांसाठी होती. ज्यांना केस कापायचे नसत तेसुद्धा तिच्यावर येऊन बसत, वर्तमानपत्र तोंडासमोर धरत आणि एक ओळही न वाचता ऐकत राहत.

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधताना त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू होई, तो मानेमागे लहान आरसा धरून "बघा, जमलं का?" विचारेपर्यंत. कुठल्याच विषयाचं त्याला वावडं नव्हतं. हवामान, सांधेदुखी, नळाला पाणी कमी का येतं, मांजरं उंचावरून पडून कशी वाचतात. एकदा एका मास्तरांची दाढी करताना त्याने दातदुखीवर एवढं ऐकवलं, की मास्तर उठताना म्हणाले, "दाढी झकास झाली रे, पण आता दात ठणकायला लागलाय."

हाच माणूस आठवड्याच्या सुट्टीला पहाटे उठून बंदरावर जाई आणि आपली बोट घेऊन एकटा समुद्रात निघून जाई. बोट म्हणजे काही मोठी नव्हे. एक मोठं शीड, पुढे एक लहान शीड, मागे बसायला दोन बाकं आणि वाकून शिरावं लागेल एवढी खोली. एका म्हाताऱ्या सुताराने ती स्वतःसाठी बांधली होती आणि गुडघे गेल्यावर 'नीट ठेव' एवढं बजावून याच्या हवाली केली होती. रेडिओ ती नीट ठेवत होता. दर वर्षी तळ खरवडायचा, रंग द्यायचा, शिडाची उसवलेली शिवण स्वतः घालायचा. फक्त दोर गुंडाळून जागेवर ठेवायचा त्याला कंटाळा होता.

बायको एकदा म्हणाली होती, "तिथे ऐकायला कोणी नसतं. मग कसं करमतं हो तुम्हाला?"

"अगं, तिथे मला बोलावंसंच वाटत नाही."

तिला ते पटलं नव्हतं. त्याला तरी कुठे नीट सांगता आलं असतं? आठवडाभर जे तोंड मिटत नसे ते बंदराची भिंत मागे पडली की आपोआप मिटे. वारा कुठून येतो, पाण्याचा रंग कुठे बदलतो, शीड कुठे फडफडतं, एवढंच मग डोक्यात राही. संध्याकाळी घरी येई तेव्हा चेहरा उन्हाने लाल झालेला आणि माणूस धुतलेल्या कपड्यासारखा मोकळा.

बायको शहराची बस चालवायची. बंदरापासून डोंगरावरच्या वस्तीपर्यंत आणि परत. बोलायला कमी, नजरेला तीन आरशांची सवय. घरातसुद्धा ती स्वयंपाकघरातून वळताना आधी मागे बघते, असं मुलगी हसून सांगे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. म्हणजे घरात हे दोघंच, एक बोलणारा आणि एक ऐकणारी. जमत होतं.

एकट्याने बोट चालवण्यात काय धोका असतो हे रेडिओला माहीत नव्हतं असं नाही. काही वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानवाल्याची बोट एकटीच किनाऱ्याला लागली होती. शिडं वर, सुकाणू बांधलेलं, बाकावर डबा अर्धा खाल्लेला. माणूस नव्हता. तो कधीच सापडला नाही. त्याचं काय झालं असावं यावर रेडिओच्या दुकानात कितीतरी दिवस चर्चा झडली. चक्कर आली असेल, लाट आली असेल, पाय घसरला असेल. त्या चर्चेत रेडिओ सगळ्यांच्या पुढे होता. पण दुसऱ्याचं मरण आणि आपली सुट्टी यांची सांगड माणूस घालत नाही. त्याचं लाइफ जॅकेट बाकाखालच्या पेटीत होतं, रंगाच्या डब्याखाली. ते घातलं की उकडतं आणि काखेत काचतं. "दिवसभर लोकांना कापडात गुंडाळतो," तो म्हणे, "एक दिवस मला तरी मोकळं राहू दे."

त्या दिवशी वारा छान होता. लाटा होत्या, पण त्याने बघितल्या नव्हत्या अशा नव्हत्या. थंडी सरली होती, तरी पाणी अजून गार होतं. किनारा दूर, निळसर रेघेसारखा. त्याने सुकाणूचा दांडा नेहमीसारखा रबरी दोरीने बांधून टाकला आणि बोट आपली आपण सरळ चालू लागली. तो बाकावर पाय पसरून बसला.

बोट वळवायची वेळ आली तेव्हा पुढच्या शिडाचा एक दोर कुठेतरी अडकला. त्या शिडाला दोन दोर असतात, दोन्ही बाजूंना एकेक. एक कामावर असतो तेव्हा दुसरा सैल पडलेला असतो. तो सैल दोर डोलकाठीजवळच्या एका खुंटीत गुंतला होता. मागून झटके देऊन सुटेना. असं शंभरदा झालं होतं. तो उठला, खोलीच्या छपरावरून हाताने धरत धरत पुढे गेला, गुडघ्यावर बसला आणि दोर सोडवला. सोडवताना दोन्ही हात लागले.

तेवढ्यात बाजूने एक लाट आली आणि बोट त्याच्या बाजूला कलंडली. फार नाही. दुकानात बसून कोणी सांगितलं असतं तर त्यालाच वाटलं असतं, एवढ्याने काय होतंय! पण तो गुडघ्यावर होता, हात दोरात होते आणि पायाखालची फळी ओली होती. काठाला कठड्यासारख्या ताणलेल्या तारेवर त्याची मांडी आपटली आणि तारेवरून तो डोकं खाली, पाय वर असा पाण्यात गेला.

पहिली गोष्ट झाली ती श्वासाची. गार पाण्याने छातीला असा चिमटा काढला की तोंड आपोआप उघडलं, आणि तोंड पाण्याखाली होतं. तो खोकत वर आला. स्वेटर, पँट, बूट, सगळं जड झालेलं. बोट त्याच्या खांद्याला घासून पुढे चालली होती, जशी काही झालंच नाही. घाई नाही, गडबड नाही. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. पण पोहणाऱ्या माणसाला, त्यातून कपड्यानिशी पोहणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला, तो वेग कुठून गाठता येणार?

दोर मात्र त्याच्या हातात होता. त्याने तो मुद्दाम धरून ठेवला होता असं नाही, सोडायचं सुचलंच नव्हतं. दोर तळहातातून सरसर निघाला, साल काढत निघाला, आणि मग ताणला गेला. खांदे उखडतात की काय असा हिसका बसला. तो बोटीच्या बाजूने पाण्यातून फरफटत निघाला. पाणी नाकातोंडात घुसत होतं. डोकं वर धरावं तर हात सुटतो, हात घट्ट धरावा तर डोकं खाली जातं.

पुढे जे झालं त्यात त्याची हुशारी काही नव्हती. त्याच्या वजनाने तो सैल दोर खेचला गेला आणि पुढचं शीड उलट्या बाजूला ओढलं गेलं. वारा त्यात चुकीच्या बाजूने भरला. बोटीचा वेग मोडला, ती अडखळली आणि हळूहळू जागच्या जागी डुलू लागली. दुसरा कुठलाही दोर हातात असता, किंवा कुठलाच नसता, तर औषधवाल्याच्या बोटीसारखी तीही एकटीच कुठेतरी लागली असती.

बोट थांबली तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. खरी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

धक्क्यावर उभं राहून बघितलं तर त्या बोटीचा काठ गुडघ्याएवढा. पाण्यातून वर बघितलं तर भिंत. त्याने हात वर करून काठ धरला, जोर लावला. छाती पाण्याबाहेर आली, तेवढ्यात स्वेटरमधल्या पाण्याने त्याला परत खाली ओढलं. पुन्हा धरलं. या वेळी छातीसुद्धा बाहेर आली नाही. तिसऱ्यांदा बोटांनी काठ धरला, पण बोटं मिटेनात. हातांची ताकद इतक्या लवकर जाते हे त्याला माहीत नव्हतं. दिवसभर हात वर धरून कात्री चालवणारा माणूस तो, आपले हात दमत नाहीत असा त्याला अभिमान होता.

काठाला धरून तो मागच्या बाजूला सरकत गेला. मागे शिडी होती. घडीची, लोखंडी, पाण्यात उतरणारी. ती वर दुमडलेली होती आणि वर आतल्या बाजूने दोरीच्या तुकड्याने बांधलेली होती, कारण बोट चालताना ती खडखड वाजायची आणि त्याला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. गाठ त्यानेच मारली होती, आणि चांगली मारली होती. पाण्यातून हात शिडीच्या खालच्या दांडीपर्यंत पोचत होता, गाठीपर्यंत नाही. दांडी धरून त्याने शिडी खेचली. शिडी वाजलीसुद्धा नाही.

लाइफ जॅकेट पेटीत. फोन खोलीतल्या पिशवीत. सुरीसुद्धा तिथेच. किनाऱ्यावरून कोणी बघत असलं तरी त्यांना एक बोट दिसत होती, शिडं वर असलेली, सुट्टीच्या दिवशी निवांत डुलणारी. त्याने हाका मारल्या का? मारल्या. पण कोणाला, तर बायकोला. घरात चष्मा सापडला नाही की मारतो तशीच. "अगं, इकडे ये जरा! अगं, ही शिडी धर जरा!" आपण काय ओरडतोय हे कानावर पडलं तेव्हा तो गप्प झाला. बायको त्या वेळी डोंगरावरच्या वस्तीच्या वळणावर असणार. संध्याकाळपर्यंत येतो, असं तिला सांगून तो निघाला होता. म्हणजे अंधार पडेपर्यंत ती काळजीसुद्धा करणार नव्हती.

तो थरथरू लागला होता. आधी दात, मग खांदे, मग पोट. त्याला कळलं की हे थांबल्यावर अंगात काही उरणार नाही. एका हाताने शिडी धरून त्याने दुसऱ्या हाताने बूट काढले. बरं वाटलं. स्वेटर काढायला गेला तर तो डोक्यात अडकला आणि क्षणभर तो आंधळा होऊन पाण्याखाली गेला. तसाच ओढून खाली घेतला आणि राहू दिला.

मग त्याला तो दोर दिसला. बोट धक्क्याला बांधायचा मागचा दोर. सकाळी निघताना नेहमीप्रमाणे न गुंडाळता बाकावर फेकला होता, आणि बोट कलंडली तेव्हा त्याचं टोक घसरून काठावरून बाहेर लोंबत होतं. दुसरं टोक आत खुंटीला पक्कं होतं. व्यवस्थित माणसाच्या बोटीत तो दोर आत छान गोल गुंडाळून ठेवलेला असता.

त्याने टोक खेचून घेतलं. त्याला त्यात पाय घालण्यासाठी एक फास हवा होता, न सरकणारा. तशी गाठ तो डोळे मिटून मारू शकत होता. पण आता बोटं लाकडाची झाली होती आणि तळहाताचं कातडं गेलेलं. पहिली गाठ पाय घालताच सुटली. दुसरी फार खाली गेली, पाय त्यात गेला पण वर काही उचललं गेलं नाही. तो स्वतःशी मोठ्याने बोलू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रावर. "वर घे. अजून वर. घाई नको. कानामागे कापतोय असं समज." तिसरा फास कमरेच्या उंचीला जमला. गुडघा छातीशी घेऊन त्याने पाय त्यात अडकवला आणि उभा राहायला गेला. पाय बोटीखाली सरकला, तो पाठीवर आडवा झाला, डोकं पुन्हा पाण्यात. पुन्हा. पुन्हा आडवा. मग त्याला सुचलं, की अंग बोटीला चिकटवून, गाल फळीवर घासत वर जायचं. बोटीचा मागचा भाग लाटेने खाली बसला तेव्हा तो उठला. कोपर काठावर आलं. दुसरं कोपर. बरगड्यांखाली काठाची कड रुतली आणि काहीतरी करकरलं. तो तसाच पोटावर लटकत राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि मान पुढे करून शिडीची गाठ दाताने सोडवली. शिडी धाडकन खाली पडली. तिच्यावर पाय ठेवून तो आत कोसळला.

बाकांच्या मधल्या जागेत तो किती वेळ पडून होता कोण जाणे. ओकला. थोडा वेळ रडला असावा, पण चेहरा आधीच ओला होता. मग खोलीत जाऊन कोरडं कापड अंगाला गुंडाळलं, मोठं शीड अर्धं उतरवलं आणि बंदराकडे निघाला. दांडा कोपराने धरून. हात मिटत नव्हते.

बंदरावर तो कोणाला काही बोलला नाही.

घरी बायकोने विचारलं, "बूट कुठे?"

"बोटीत राहिले."

"आणि हात?"

"दोर घासला. नेहमीचंच आहे."

तिने हातांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि पुढे काही विचारलं नाही. बरगडीवरचा काळानिळा डाग त्याने बनियन घालून झाकला. चार दिवस दुकान बंद ठेवलं, 'मनगट मुरगळलं' असं सांगून. उघडलं तेव्हा कात्री चालत होती, पण रेडिओ बंद होता. गिऱ्हाइकं बसत, मान वाकवत, वाट बघत. कात्रीचा कचकच आवाज तेवढा. दुसऱ्या खुर्चीवरचा पेन्शनवाला म्हातारा एकदा वर्तमानपत्र खाली घेऊन म्हणाला, "अरे, सेल संपले की काय? आज मला चक्क बातम्या वाचाव्या लागल्या." सगळे हसले. रेडिओही हसला आणि कापत राहिला.

सांगायला त्याची ना नव्हती. पण तोंड उघडलं की छातीत तोच गार चिमटा बसे. आणि एक विचार पिच्छा सोडत नव्हता. औषधवाल्याने पण हाका मारल्या असतील. तोही बोटीकडे बघत राहिला असेल, ती लहान लहान होत जाताना. आपण त्यावर किती दिवस गप्पा मारल्या.

सुट्टीचा दिवस आला. तो बोटीकडे गेला नाही. "कंटाळा आलाय," म्हणाला. पुढच्या सुट्टीलाही घरीच.

शेवटी एका दुपारी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि बंदराच्या थांब्यावर जाऊन बायकोच्या बसमध्ये चढला. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी. मागे एक बाई पिशव्या मांडीवर घेऊन पेंगत होती. तो चालकाच्या बरोबर पाठीमागच्या बाकावर बसला. समोर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये.' बायकोने वरच्या आरशात त्याला पाहिलं, भुवया उंचावल्या आणि बस सुरू केली.

"मी पाण्यात पडलो होतो," तो म्हणाला.

तिची मान हलली नाही. बस वळणाला आली होती.

मग त्याने सगळं सांगितलं, तिच्या अंबाड्याकडे बघत. दोर, लाट, फरफट, शिडी, गाठ. त्याला सांगणं सोपं गेलं, कारण तिला मध्ये काही बोलता येत नव्हतं आणि तोंड फिरवता येत नव्हतं. थांबे येत होते, दार उघडत होतं, कोणी चढत होतं, कोणी उतरत होतं. ती आरसे बघत होती, गिअर टाकत होती. फक्त एकदा, तो तिला हाका मारल्याचं सांगत होता तेव्हा, समोर रस्ता मोकळा असताना तिने हॉर्न वाजवला.

शेवटच्या थांब्यावर पिशव्यांची बाई उतरली. बायकोने इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि खुर्चीतच मागे वळली. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचा.

"पुन्हा सांगा. सुरुवातीपासून. आणि कुठे काय होतं ते नीट सांगा. ही खुंटी कुठे, तुम्ही कुठे, पट्टा कुठे होता?"

"कसला पट्टा?"

"म्हणजे पट्टा नव्हताच."

"अगं, बोटीत कोण पट्टा लावतं?"

"बसमध्ये तरी कोण खुर्चीतून पडतं?" ती म्हणाली. "तीस वर्षं मी पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवलेली नाही. आणि माझ्या घरातला माणूस एका हाताने दोर सोडवतो, दुसऱ्या हातानेही दोरच सोडवतो आणि तिसऱ्या हाताने स्वतःला धरतो!"

त्याला वाटलं आता ती म्हणेल, बोट विकून टाका. त्याने उत्तरही तयार ठेवलं होतं, विकतो म्हणून. पण ती म्हणाली, "सुट्टीला मी येते. मला बघायचंय."

ती आली. धक्क्याच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी संथ असतं, बोट बांधलेलीच ठेवून तिने त्याला पाण्यात उतरवलं. कपड्यांनिशी, पण या वेळी लाइफ जॅकेट घालून.

"आता चढा."

त्याला चढता आलं नाही.

"हात द्या." तिने वाकून त्याचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. दणकट बाई, मोठं स्टिअरिंग फिरवून कमावलेले खांदे. तो कमरेपर्यंतसुद्धा वर आला नाही. तिनेच कशीबशी काठाला टाच रोवून स्वतःला सावरलं, नाहीतर तीही आत जाणार होती. धक्क्यावर गळ टाकून बसलेला एकजण म्हणाला, "वहिनी, बुडवताय की काढताय?"

"अजून ठरायचंय," ती म्हणाली.

मग तो शिडीने वर आला आणि ती खाली उतरली, कारण तिला स्वतः बघायचं होतं. तिलाही चढता आलं नाही. पाण्यात काठाला लटकून तिने वर बघितलं. केस गालाला चिकटलेले, ओठ निळे. मग म्हणाली, "म्हणजे पडल्यावर काय करायचं हा प्रश्नच नाही. पडायचंच नाही."

त्या दिवसापासून बोटीत तिचं राज्य सुरू झालं. पुढच्या टोकापासून मागपर्यंत, बोटीच्या मधोमध, एक जाड पट्टी ताणून बसवली. कमरेला आणि खांद्याला पट्टे, त्यांना एक आखूड दोर, दोराला कडी, कडी त्या पट्टीत. दुकानात मिळणारा दोर तिने लावून बघितला आणि नापास केला. तो लांब होता. त्याने माणूस बोटीला जोडलेला राहिला असता, पण काठावरून बाहेर गेलाच असता आणि पुन्हा तशीच फरफट. तिने रेडिओला काठाकडे झुकायला लावलं, कुठे अडतो ते बघितलं आणि दोर आखूड करवून घेतला, गुडघ्यावर रांगावं लागेल एवढा.

"असा कुत्र्यासारखा फिरू?" तो कुरकुरला.

"फिरा. कुत्रं घरी येतं."

शिडीची गाठ गेली. तिच्या जागी अशी दोरी आली, जिचं टोक पाण्यापर्यंत लोंबतं आणि खालून ओढलं की शिडी सुटते. खडखड वाजते ती, अजूनही वाजते. फोन पाण्याने न भिजणाऱ्या थैलीत, गळ्यात. आणि 'संध्याकाळपर्यंत' हा शब्द घरात बंद झाला. कुठे जाणार, कधी वळणार, किती उशीर झाला की तिने बंदरावर कळवायचं, हे निघण्यापूर्वी ठरू लागलं.

दुकानात त्याने ही गोष्ट सांगायला सुरुवात केली ती नंतर, हळूहळू. पहिल्यांदा पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला, मग सगळ्यांना. इतर गोष्टी तो रंगवून सांगे, ही मात्र साधी सांगे. लाट मोठी होती असंसुद्धा म्हणत नसे. बोटी असलेली तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक हसला, एकाने विषय बदलला. तिसरा, मासे पकडायला एकटा जाणारा एक गवंडी, केस कापून झाल्यावर उठलाच नाही. म्हणाला, "तो दोर किती आखूड म्हणालास?" रेडिओने त्याच्याच गळ्याभोवतीच्या कापडाची दोरी हातात धरून दाखवलं.

औषधवाल्याच्या बायकोकडे तो एकदा गेला. ती आता दुकान सांभाळते. तो मलम घ्यायला म्हणून गेला होता. तिला काही सांगावं असं मनात होतं, पण काय सांगणार? त्याला शेवटी कसं वाटलं असेल ते मला ठाऊक आहे, असं कोणी कोणाला सांगत नाही. त्याने मलम घेतलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि आला.

बायको मात्र सुट्टीला बोटीवर येतच राहिली. आधी नजर ठेवायला, मग दांडा धरायला, मग तिला ते आवडायलाच लागलं. वाऱ्याचा झोत येण्याआधी तिला कळायचं, जसं समोरची गाडी वळणार हे कळतं. तो पुढे रांगत दोर सोडवी आणि ती मागून ओरडे, "कडी?" तो म्हणे, "लावलीय." त्याचं समुद्रावरचं गप्प राहणं थोडं कमी झालं. तिचं बोलणं थोडं वाढलं.

वर्षभराने एका सुट्टीला त्याला ताप होता. वारा सुरेख होता. ती खिडकीत उभी राहून झाडांच्या शेंड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "मी जाऊन येते."

"एकटी?"

"हो. समोरच्या बेटाला वळसा घालून परत. दुपारच्या जेवणाच्या वेळेनंतर मी दिसले नाही तर बंदरावर फोन करा."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण म्हणणार कोणत्या तोंडाने? ती गेल्यावर तो थोडा वेळ पडून राहिला, मग अंगावर शाल घेऊन बंदरावर गेला आणि भिंतीवर बसला. तिची बोट त्याला दूरवर दिसली, मग बेटाआड गेली. त्यानंतर दिसायला काही नव्हतं. शेजारी गळ टाकून बसलेल्याने दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला, पण रेडिओच्या तोंडून शब्द निघेना. अशा किती सुट्ट्या ती घरात बसली असेल, हा विचार त्याने त्या भिंतीवर पहिल्यांदाच केला.

बेटाच्या दुसऱ्या बाजूने शीड बाहेर आलं तेव्हा तो उभा राहिला. बोट जवळ आली. ती दांड्याशी बसली होती, ताठ, बसमध्ये बसते तशी. धक्क्याजवळ आल्यावर तिने दोर फेकला, त्याने तो झेलला आणि खुंटीला बांधला.

"ताप असताना इथे काय करताय?" ती म्हणाली.

"कडी सोडलीस कुठे?"

"कुठेच नाही. जेवलात का?"

"नाही."

"चला मग," ती म्हणाली, आणि कडी सोडून धक्क्यावर उतरली.